वस्तीतील तपासणी आणि पक्षाघात
(चंडीगढ येथील सेक्टर ३४ मध्ये आरोग्यतपासणीच्या दिवशी दिलेले व्याख्यान)



सकाळपासून या मंडपाबाहेर रांग लागलेली आहे. सेक्टर ३४ च्या या प्रदर्शन-मैदानाने आजवर सभा पाहिल्या, मेळे पाहिले, सर्कशीचे तंबू पाहिले. आज येथे चार टेबले मांडून लोकांचा रक्तदाब आणि रक्तातील साखर मोजण्याचे काम चालू आहे. संयोजकांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पक्षाघात कसा टाळावा याविषयी चार शब्द बोलावे, आणि अशा शिबिरांचे महत्त्व श्रोत्यांना पटवून द्यावे. पहिली गोष्ट मी आनंदाने करीन. दुसरीच्या बाबतीत मात्र माझी अडचण आहे. तरुणपणापासून मी अशा टेबलांमागे बसत आलो आहे, आणि या शिबिरांनी पक्षाघात टळतो काय, असे कोणी सरळ विचारले तर 'होय' असे एका शब्दात उत्तर देणे मला आजही जमत नाही. ते का जमत नाही, हेच आज सांगावे असे मी ठरविले आहे.

आधी रोगाच्या नावाबद्दल थोडेसे. माझी मातृभाषा मराठी. आमच्याकडे खेड्यातील माणूस या रोगाला 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतो. शिकलेला माणूस 'अर्धांगवायू' म्हणतो; म्हणजे त्यातही वारा आहेच. आपण इकडे 'अधरंग' म्हणता, हिंदीत 'लकवा' म्हणतात. या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. त्यांत हात आहे, पाय आहे, वाकडे झालेले तोंड आहे, बाहेरून आलेला वारा आहे. फक्त मेंदू नाही. वास्तविक हा रोग मेंदूचा आहे. मेंदूला रक्त पोचविणारी एखादी वाहिनी गुठळीने बुजते, किंवा फुटून रक्त मेंदूत पसरते, आणि मेंदूचा जो भाग त्यामुळे निकामी होतो त्याच्या ताब्यातील हातपाय, वाचा किंवा दृष्टी जाते. हात लुळा पडला म्हणून हाताला तेल चोळीत बसणे म्हणजे विजेचा दिवा विझला म्हणून काच पुशीत बसण्यासारखे आहे. दोष तारेत आहे.

हे मी कोणाची थट्टा करण्यासाठी सांगत नाही. येथून फार दूर नसलेल्या लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जयराज पांडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९४२ लोकांना या रोगाविषयी प्रश्न विचारले होते. त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शंभरातील पंचेचाळीस जणांना हा रोग मेंदूचा आहे हे ठाऊक नव्हते. तेवीस टक्के लोकांना त्याचे एकही पूर्वलक्षण सांगता आले नाही, आणि एकवीस टक्के लोकांना तो होण्याचे एकही कारण सांगता आले नाही. ही माणसे कोणत्या दुर्गम डोंगरातील नव्हती. रुग्णालयाच्या आवारात भेटलेली पंजाबातील माणसे होती ती.

आता कारणांकडे वळू. जगातील ३२ देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात भारतातील रुग्णही होते. दहा गोष्टींकडे लक्ष दिले तर पक्षाघाताच्या दहांतील नऊ घटनांचा उलगडा होतो, असे त्या अभ्यासात दिसले. तंबाखू, मधुमेह, बैठे जीवन, आहार, मद्य, हृदयाची अनियमित गती वगैरे गोष्टी त्यांत येतात. परंतु या सर्वांत वरच्या स्थानी आहे तो वाढलेला रक्तदाब. एकट्या त्याचा वाटा जवळजवळ निम्मा भरतो. या एका गोष्टीमुळेच आजच्यासारख्या तपासणीला अर्थ आहे. रक्तदाब वाढलेला असताना माणसाला बहुधा काहीही वाटत नाही. 'माझे डोके दुखत नाही, मला चक्कर येत नाही, मग मला कसला रक्तदाब?' हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. डोके दुखण्याची वाट पाहणारा माणूस बहुतेक वेळा पक्षाघाताचीच वाट पाहत असतो. मोजल्यावाचून तो कळत नाही, आणि मोजणे तर अगदी सोपे आहे. इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा तयार केला, १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखालच्या धमनीचे आवाज ऐकून दाब कसा वाचावा हे दाखविले, आणि तेव्हापासून तत्त्वतः फारसे काही बदललेले नाही. इतके स्वस्त आणि इतके उपयुक्त साधन वैद्यकात क्वचितच आढळेल.

तर मग अडते कोठे? येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला आनंद होत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी याच शहराच्या एका सेक्टरात आम्ही असेच शिबिर भरविले होते. रांगेत एक इस्त्रीवाला होता. झाडाखाली गाडी लावून तो दिवसभर कोळशाची इस्त्री फिरवीत असे. त्याचा रक्तदाब १८६ आणि ११२ निघाला. मी त्याला म्हटले, 'दाब फार आहे, डॉक्टरांना दाखवा,' आणि तसे एका चिठ्ठीवर लिहून दिले. तो हात जोडून गेला. माझ्यापुढे रांगेत आणखी साठसत्तर माणसे उभी होती. सायंकाळी आम्ही किती माणसे तपासली तो आकडा जाहीर केला, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. अकरा महिन्यांनी तो मला रुग्णालयाच्या खाटेवर दिसला. इस्त्री धरण्याचा उजवा हात गेला होता, वाचाही गेली होती. त्याच्या पत्नीने पदराची गाठ सोडून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हाती दिला. चिठ्ठी तीच होती, अक्षर माझे होते. ती म्हणाली, 'कागद आम्ही जपून ठेवला होता, डॉक्टरसाहेब.' त्या कागदावर औषधाचे नाव नव्हते, कोणत्या दवाखान्यात कोणत्या वारी जावे हे नव्हते, आणि गेला नाही तर त्याला शोधायला कोणी येणार होते असेही नव्हते. तिला मात्र तो कागद म्हणजेच इलाज वाटला होता. दोष तिचा म्हणावा असे मला तेव्हाही वाटले नाही, आणि आजही वाटत नाही.

आपल्यापैकी काहींना वाटेल की एका माणसाच्या गोष्टीवरून एवढा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. ते खरेच आहे. म्हणून मोठ्या प्रमाणावर काय आढळले ते पाहू.

डेन्मार्कमध्ये कोपेनहेगनच्या उपनगरांत १९९९ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. तीस ते साठ वर्षे वयाच्या सुमारे साठ हजार लोकांची यादी घेऊन त्यांतील जवळजवळ बारा हजारांना तपासणीसाठी बोलावण्यात आले. ज्यांना धोका अधिक दिसला त्यांना धूम्रपान, आहार, व्यायाम यांविषयी पाच वर्षांपर्यंत पुनःपुन्हा समजावून सांगितले गेले. उरलेल्यांना काहीच कळविले नाही. दहा वर्षांनी दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांपैकी कशातही फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि तपासणीच्या पुरस्कर्त्यांना तो फार झोंबला. मलाही झोंबला. काम चोख झाले होते, माणसे प्रामाणिक होती, पैसा कमी पडला नव्हता. हेही लक्षात घेतले पाहिजे की त्या देशात ज्याला त्याला आपला ठरलेला डॉक्टर आहे आणि ज्यांना बोलावले नव्हते त्यांचाही रक्तदाब कोणी ना कोणी मोजीतच होते. तरीही, बोलावले, मोजले, उपदेश केला, एवढ्याने पक्षाघात हटत नाही, हे त्यातून निघतेच.

याच्या उलट उदाहरण चीनच्या खेड्यांतले आहे. तेथे २०१८ साली ३२६ खेड्यांत रक्तदाब वाढलेल्या सुमारे चौतीस हजार लोकांवर एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या खेड्यांत नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. उरलेल्या खेड्यांतील ग्रामवैद्यांना, ज्यांचे वैद्यकीय शिक्षण बेताचेच असते, औषध सुरू करण्याचे आणि ठरलेल्या क्रमाने वाढविण्याचे शिक्षण आणि अधिकार दिले; वरच्या डॉक्टरांची देखरेख ठेवली; औषधे फुकट किंवा सवलतीत दिली; आणि रुग्णांना घरी मोजण्याचे यंत्र दिले. तीन वर्षांत त्या खेड्यांत हृदयविकार आणि पक्षाघात मिळून जवळजवळ एकतृतीयांशाने घटले, आणि पक्षाघात वेगळा काढून पाहिला तरी घट तेवढीच होती. आपल्या शेजारच्या बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांतील तीस ग्रामीण वस्त्यांमध्ये सरकारी आरोग्यसेविका दर तीन महिन्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजीत आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे धाडीत. दोन वर्षांनी तेथील रक्तदाबाचा वरचा आकडा इतर वस्त्यांपेक्षा पाच मिलिमीटर अधिक उतरला होता. पाच हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. परंतु हा आकडा दहाने उतरला तर पक्षाघात चौथ्या हिश्शाहून अधिक घटतात, असे आजवरच्या औषधप्रयोगांच्या एकत्रित हिशेबातून निघाले आहे.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचा दाखलाही मला देणे भाग आहे, कारण तेथील काम आजच्या कामाशी सर्वांत मिळतेजुळते आहे. २००६ साली तेथील वीस गावांमध्ये स्वयंसेवकांनी औषधांच्या दुकानांत बसून वृद्धांचा रक्तदाब मोजला, आणि प्रत्येकाची नोंद त्याच्या डॉक्टरांकडे व औषधविक्रेत्याकडे पाठविली. पुढच्या वर्षी हृदयविकार, हृदयाचा अशक्तपणा आणि पक्षाघात यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या, इतर गावांशी तुलना करता, नऊ टक्क्यांनी कमी झाली. तथापि पक्षाघात वेगळा काढला तर त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा त्या कामाचा हवाला देऊन पक्षाघात टळतो असे म्हणणे मला योग्य वाटत नाही, जरी आमच्यापैकी काहीजण तसे म्हणतात.

मला दिसते ते असे. जेथे मोजणाऱ्या हाताला औषध देणारा हात जोडलेला होता आणि तोच हात पुनःपुन्हा त्याच दारात गेला, तेथे फरक पडला. जेथे मोजमाप एकदाच झाले आणि पुढचे सर्व रुग्णाच्या शहाणपणावर सोडले, तेथे फरक पडला नाही.

आपल्या देशात या प्रश्नाचे स्वरूप किती भिन्न असू शकते हे सांगण्यासाठी मी आपल्याला येथून फार लांब, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला नेतो. गडचिरोली हा जंगलांचा जिल्हा. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेली 'सर्च' ही संस्था आहे, आणि तिने गावोगावच्या मृत्यूंची नोंद ठेवण्याची शिस्त लावलेली आहे. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील १,५९९ मृत्यूंची कारणे तपासली. मलेरिया, क्षय, सर्पदंश यांची नावे वर येतील असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पहिला क्रमांक पक्षाघाताचा निघाला. त्याने २२९ माणसे नेली होती, म्हणजे दर सात मृत्यूंत एक. त्यांपैकी सत्त्याऐंशी टक्के घरीच गेली. हा श्रीमंतांचा, शहरांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे, ही आपली जुनी समजूत त्या ८६ गावांनी मोडीत काढली. मुंबईतही २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. प. मो. दलाल यांच्या पुढाकाराने एका भागाची पाहणी झाली. तेथे ४५६ जणांना पहिला झटका आल्याची नोंद झाली, आणि दहांतील तीन माणसे महिनाभराच्या आत दगावली. मुंबईत रुग्णालयांची वाण नाही. म्हणजे रुग्णालय असणे ही एक गोष्ट, आणि तेथे वेळेवर पोचणे ही दुसरी.

वेळेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. काही निवडक रुग्णांत मोठ्या वाहिनीतील गुठळी नळी घालून काढता येते, आणि त्यासाठी चोवीस तासांपर्यंतही अवकाश मिळू शकतो. परंतु मोठी वाहिनी बुजलेली असताना दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख मज्जापेशी मरत असतात, असा हिशेब मांडण्यात आला आहे. म्हणून तोंड एका बाजूला ओढले गेले, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली आला, बोलणे अडखळले, अचानक तोल गेला किंवा दिसेनासे झाले, की घड्याळ पाहावे आणि मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय चोवीस तास असलेल्या रुग्णालयात न्यावे. तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. घशाची ताकद गेलेली असू शकते. ॲस्पिरिनही आपल्या मनाने देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे छायाचित्रावाचून कोणालाच सांगता येत नाही. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तरीही जावे. आलेला झटका ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते. सेक्टर ३४ च्या रहिवाशाला तर लांबही जायचे नाही. सेक्टर ३२ चे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय दोन सेक्टर पलीकडे आहे, आणि पदव्युत्तर संस्थेचे रुग्णालय, ज्याला सगळे 'पीजीआय' म्हणतात, सेक्टर १२ मध्ये आहे. गडचिरोलीच्या माणसाने ही सोय ऐकली तर तो आपला हेवा करील.

मात्र माहिती दिली म्हणजे काम झाले, हा भ्रमही नको. ज्यांना एकदा पक्षाघात होऊन गेला होता अशा ४,२९८ भारतीय रुग्णांवर ३१ रुग्णालयांनी मिळून एक प्रयोग केला. अर्ध्यांना त्यांच्या भाषेत संदेश, चित्रफिती आणि वाचण्याची पुस्तिका दिली. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका वर्षात पहिल्या गटातील साडेपाच टक्के आणि दुसऱ्यातील जवळजवळ पाच टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला, हृदयविकार झाला किंवा मृत्यू आला. म्हणजे पुस्तिकेने काही साधले नाही. हा प्रयोग करणाऱ्यांत लुधियानाचे तेच डॉ. पांडियन होते, ज्यांनी लोकांचे अज्ञान मोजले होते. आपल्याच कल्पनेची अशी कठोर परीक्षा घेऊन निकाल जसाच्या तसा छापणाऱ्या माणसांविषयी मला आदर वाटतो.

आता आपल्या या मंडपाविषयी. रांगेकडे मी मुद्दाम पाहून आलो. तिच्यात सेवानिवृत्त माणसे पुष्कळ आहेत. त्यांतील अर्ध्यांच्या घरी रक्तदाबाचे यंत्र असेल. मैदानाच्या कडेला हातगाडी लावणारा, रिक्षावाला, बुडैलहून पहाटे घरकामाला येणारी बाई हे रांगेत जवळजवळ नाहीतच. त्यांना एक तास उभे राहणे परवडत नाही. शिबिराला येतो तो आधीच काळजी घेणारा असतो, आणि ज्याला पक्षाघाताचा धोका सर्वांत अधिक तो आपल्यासमोरून गाडी ढकलीत निघून जातो. यासाठी टेबल उचलून त्याच्याकडे नेले पाहिजे, आणि तेही सकाळी, तो माल लावीत असताना. या सेक्टरात शिकवणीवर्गांसाठी येणारी शेकडो मुले आहेत. त्यांनी सुटीत घरी गेल्यावर बापाच्या दंडाला एकदा पट्टा बांधला तरी पुष्कळ झाले.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल स्वयंसेवकांना एक सांगणे आहे. सकाळी मी पाहिले, माणूस उन्हातून चालत येतो, बसता बसता बोलतो आणि सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधला जातो. तो आकडा रक्तदाबाचा नसतो, घाईचा असतो. पाच मिनिटे शांत बसवा, पाठ टेकू द्या, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणे बंद. मिनिटभराने पुन्हा मोजा. आणि एकदा १४० व ९० च्या वर आकडा आला म्हणून कोणालाही 'तुम्हाला रक्तदाब आहे' असे सांगून घाबरवू नका. तो दुसऱ्या दिवशीही आला पाहिजे. शेवटच्या टेबलावर मानेच्या रक्तवाहिन्यांची ध्वनिलहरींनी तपासणी ठेवावी काय, असे संयोजकांनी विचारले होते. मी नको म्हटले. लक्षण नसलेल्या सरसकट सर्वांची ती तपासणी केल्याने हित कमी आणि अनावश्यक शस्त्रक्रियांचा धोका अधिक, असे तज्ज्ञांचे मत आहे.

भारत सरकारने तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी करण्याचे धोरण २०१७ पासून स्वीकारले आहे, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या रक्तदाब-नियंत्रणाच्या उपक्रमात पंजाब व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये पहिल्या पाचांत होती. त्या उपक्रमातील सर्वांत चांगली गोष्ट मला विचाराल तर ती औषधांची यादी नव्हे. प्रत्येक रुग्णाचे कार्ड दवाखान्यात राहते, आणि ठरल्या दिवशी न आलेल्या माणसाचे नाव त्यावरून कळते. माझ्या त्या इस्त्रीवाल्याचे नाव असे कोणाला कळले असते तर अकरा महिन्यांत कोणीतरी त्याच्या झाडाखाली गेले असते.

म्हणून आज चिठ्ठ्या वाटू नयेत अशी माझी विनंती होती, आणि संयोजकांनी ती मानली. पहिल्या टेबलावर एक नोंदवही ठेवली आहे. ज्यांचा आकडा वाढलेला निघाला त्यांचे नाव, राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण, आणि त्यांच्याकडे कोणता स्वयंसेवक जाणार त्याचे नाव, असे तीन रकाने तीत आहेत. चौथा रकाना दुसऱ्या मोजणीचा आहे आणि तो अर्थातच अजून कोरा आहे. पुढच्या रविवारी सकाळी याच ठिकाणी त्यांना पुन्हा बोलावले आहे, आणि जे येणार नाहीत त्यांच्याकडे सोमवारी जायचे आहे. तीन व्यक्तींचा वरचा आकडा दोन्ही वेळा १८० च्या पुढे आला. त्यांना आज घरी पाठवायचे नाही असे ठरले आहे. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणारे दोन स्वयंसेवक मंडपाच्या दाराशी उभे असल्याचे मला आत्ताच कळविण्यात आले आहे. त्यांच्यापैकी एकजण आपली भाजीची गाडी कोणाच्या हवाली करावी या विवंचनेत आहे. आपल्यापैकी कोणी तासभर ती सांभाळील काय?